मेंदूच्या डॉक्टरांकडे पहिल्यांदा जाताना

अप्पांचा उजवा खांदा दुखायला लागला तेव्हा आम्ही घरातल्या सगळ्यांनी एकच कारण धरलं. जन्मभर लूमवर उभं राहून काम केलंय, दुखणारच. शेक झाला, मालिश झाली, खांद्यात दोन इंजेक्शनं झाली. असं करत सव्वा वर्ष गेलं. मग एक दिवस बँकेतून पैसे काढायची स्लिप परत आली, सही जुळत नाही म्हणून. मी ती स्लिप हातात घेऊन बघत राहिलो. पहिलं अक्षर नेहमीसारखं होतं, पुढची अक्षरं बारीक बारीक होत गेली होती आणि आडनाव तर मुंग्यांच्या रांगेसारखं दिसत होतं.

ती स्लिप खिशात घालूनच आम्ही मेंदूच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आधी सही बघितली, मग अप्पांचा चेहरा बघितला, आणि खांद्याबद्दल त्यानंतर विचारलं. निदान निघालं कंपवाताचं, म्हणजे पार्किन्सन्सचं. हात थरथरत नव्हता, त्यामुळे आमच्या कुणाच्या डोक्यात ते आलंच नव्हतं. खांदा आखडण्यापासूनही हा आजार सुरू होऊ शकतो हे त्या दिवशी कळलं.

त्याला सहा वर्षं झाली. तेव्हापासून अप्पांबरोबर, नात्यातल्यांबरोबर, गल्लीतल्यांबरोबर मी न्यूरोच्या ओपीडीत पुष्कळ वेळा बसलोय. अक्कलकोट, बार्शी, मंगळवेढा, तुळजापूर, पलीकडे इंडी-विजापूर अशी कुठून कुठून माणसं पहाटेच्या एसटीने सोलापूरला येतात. दुपारी नंबर लागतो. आत गेल्यावर "डोकं दुखतंय, चक्कर येते" एवढंच सांगून बाहेर येतात, आणि जिन्यात आठवतं की अजून काहीतरी सांगायचं राहिलं. बाकी डॉक्टरांकडे असं झालं तर निभावून जातं. या डॉक्टरांकडे मात्र निदानाचा मोठा हिस्सा तुम्ही सांगता त्या हकीकतीतूनच येतो. म्हणून हा लेख.

आधी हे बघा: वाट बघायची नाही ते प्रसंग

काही त्रासांत अपॉइंटमेंट घेत बसायचं नसतं. थेट कॅज्युअल्टीत जायचं.

पहिला अर्धांगवायू, म्हणजे स्ट्रोक. आपल्याकडे याला "अंगावरून वारं गेलं" म्हणतात, आणि त्या शब्दामुळेच घात होतो. वारं गेलं म्हटलं की माणसं तेल-मालिशवाल्याकडे, झाडपाल्याकडे वळतात. आमच्या गल्लीतल्या एका काकांना सकाळी साडेसहाला चहाचा कप धरता येईना, तोंड एका बाजूला ओढलं. चांगलं करायचं म्हणूनच घरच्यांनी रिक्षा केली, पण ती मालिशवाल्याकडे. दवाखान्यात पोहोचेपर्यंत दुपारचा एक वाजला होता. काका आज काठी घेऊन चालतात, पण उजवा हात गेला तो गेलाच.

लक्षणं घोकून ठेवा. अचानक चेहऱ्याची एक बाजू उतरणं, एका बाजूचा हात किंवा पाय लुळा पडणं, बोलणं बोबडं होणं किंवा समोरच्याचं बोलणं न समजणं, एकदम दिसेनासं होणं किंवा दोन-दोन दिसणं, अचानक तोल जाणं. यातलं एक जरी झालं तरी निघायचं. मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली असेल तर ती विरघळवण्याचं इंजेक्शन असतं. ते साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्या वेळेतही जितकं लवकर तितकं चांगलं. हे घड्याळ दवाखान्यात पोहोचल्यावर सुरू होत नाही. माणूस शेवटचा धडधाकट कधी दिसला, तेव्हापासून ते चालू होतं. रात्री दहाला ठीकठाक झोपले आणि पहाटे पाचला तोंड वाकडं दिसलं, तर डॉक्टर रात्री दहापासून मोजायला लागतात. म्हणून "शेवटचं नीट कधी बघितलं" याचं उत्तर घेऊन जा. वेळ उलटून गेली असं वाटलं तरी जायचंच, कारण मोठ्या रक्तवाहिनीतली गुठळी तार घालून काढण्याचा उपाय निवडक रुग्णांत २४ तासांपर्यंतही करता येतो.

घरी ॲस्पिरिन देऊ नका. झटका गुठळीने आलाय की रक्तस्रावाने, हे सीटी स्कॅनशिवाय कुणालाच सांगता येत नाही, आणि रक्तस्राव असेल तर तीच गोळी घातक ठरते. पाणीही पाजू नका, गिळणं बिघडलेलं असेल तर ते फुप्फुसात जातं. बीपी वाढलंय म्हणून घरातली गोळी जिभेखाली ठेवू नका. १०८ ला फोन करा किंवा असेल त्या गाडीने निघा. आणि एक काम आजच करून ठेवा. तुमच्या घरापासून जवळच्या मोठ्या दोन-तीन रुग्णालयांना फोन करून विचारा, "सीटी स्कॅन आणि गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन रात्री-अपरात्री मिळतं का?" जिथे हो म्हणतील त्याचं नाव कागदावर लिहून फ्रिजला चिकटवा.

दहा मिनिटांत सगळं आपोआप बरं झालं तरी त्याच दिवशी दाखवा. तो मोठ्या झटक्याआधीचा इशारा असू शकतो.

दुसरा प्रसंग फिटचा. माणसाला कुशीवर वळवा, डोक्याखाली काहीतरी मऊ ठेवा, गळ्याजवळचं बटण सोडा, जवळची काठी-स्टोव्ह-खुर्ची बाजूला करा. तोंडात चमचा, बोट, रुमाल काही घालू नका. कांदा नको, चप्पल नको, हातात किल्ल्या नकोत. कांदा हुंगवल्यावर फिट थांबल्यासारखी वाटते, कारण बहुतेक फिट दोन-तीन मिनिटांत तशाही थांबतात. घड्याळ बघा. पाच मिनिटं झाली तरी थांबत नसेल, किंवा शुद्धीवर न येता दुसरी फिट आली, तर लगेच दवाखाना. पहिल्यांदाच आली असेल, गरोदर बाईला आली असेल, पाण्यात आली असेल किंवा डोक्याला मार लागला असेल तरीही लगेच.

बाकीचे थोडक्यात. आयुष्यात कधी झाली नाही अशी डोकेदुखी क्षणात शिगेला पोहोचणं. तापासोबत मान आखडणं आणि गुंगी येणं. पायांतून सुरू झालेली ताकद कमी होण्याची तक्रार दोन-चार दिवसांत वर वर चढत जाणं. हा शेवटचा प्रकार म्हणजे जीबीएस (गुलेन-बॅरे सिंड्रोम, हा मज्जातंतूंचा आजार) असू शकतो. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात त्याचे रुग्ण वाढले तेव्हा हे नाव घराघरात पोहोचलं. त्यात छातीचे स्नायूही कमजोर पडू शकतात, त्यामुळे उद्यावर टाकायचं नाही.

नेमकं कुणाकडे जायचं

दवाखान्यांच्या पाट्या वाचताना गोंधळ होतो. पाटीवर न्यूरोफिजिशियन किंवा न्यूरोलॉजिस्ट असेल तर ते औषधांनी उपचार करणारे मेंदूविकारतज्ज्ञ. एमबीबीएसनंतर तीन वर्षं एमडी आणि त्यावर तीन वर्षं डीएम, असं त्यांचं शिक्षण असतं. न्यूरोसर्जन शस्त्रक्रिया करतात, त्यांच्या नावापुढे एमसीएच दिसेल. अपघातात डोक्याला मार, मेंदूतली मोठी गाठ, मणक्यात सरकलेली गादी हे त्यांचं काम. मनोविकारतज्ज्ञ वेगळे. नैराश्य, भास, अतिचिंता यांसाठी ते. यांतल्या कुणाकडे चुकून गेलात तर ते योग्य ठिकाणी पाठवतात, पण एक दिवस आणि एक फी वाया जाते.

न्यूरोलॉजिस्टकडे येणारे आजार म्हणजे फिट, अर्धांगवायू, अर्धशिशी, कंपवात, स्मृतिभ्रंश, हातापायांची जळजळ आणि बधिरपणा, स्नायूंची कमजोरी, चेहऱ्याचा लकवा, मेंदूज्वर. यांतलं सगळंच एकदम त्यांच्याकडे न्यायची गरज नसते. साध्या डोकेदुखीसाठी, बी-१२ कमी झाल्यामुळे येणाऱ्या मुंग्यांसाठी घराजवळचे एमडी डॉक्टर पुरतात. तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांची चिठ्ठी असेल तर फारच छान, कारण त्यांना तुमचा मधुमेह, बीपी, जुन्या गोळ्या ठाऊक असतात. सिव्हिलला, म्हणजे श्री छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात जाणार असाल तर केसपेपर काढून मेडिसिनच्या ओपीडीपासून सुरुवात करा.

इथे एका शब्दाबद्दल सांगायलाच हवं. तो शब्द म्हणजे "नस". आपण म्हणतो मेंदूची नस फुटली, तिथे ती रक्तवाहिनी असते. कमरेत नस दबली म्हणतो, तिथे ती मज्जातंतू असते. रात्री पायाची नस चढली म्हणतो, तो तर स्नायूचा गोळा असतो. डॉक्टरांसमोर बसून "माझ्या नसांचा प्रॉब्लेम आहे" म्हटलं की त्यांच्या हाती काहीच लागत नाही. काय होतं ते सांगा. दुखतं, जळतं, मुंग्या येतात, बधिर पडतं, ताकद जाते, की स्नायूत गोळा येतो? बधिरपणा आणि अशक्तपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हातातला तांब्या कळत नाही म्हणून सुटतो, की धरवत नाही म्हणून सुटतो? या एका फरकावरून तपासणीची दिशा बदलते.

आदल्या दिवशी: हकीकतीचा कागद

न्यूरोलॉजिस्टच्या मनात दोन प्रश्न चालू असतात. बिघाड कुठे आहे, आणि तो कशाचा आहे. कुठे, हे बरंचसं ते तपासून काढतात. मेंदू, मणक्यातली मज्जारज्जू, हातापायांच्या नसा, की स्नायू. कशाचा, हे मात्र त्रास किती वेगाने आला यावरून कळायला लागतं. सेकंदा-मिनिटांत आला तर रक्तवाहिनी किंवा फिट. तासा-दिवसांत वाढला तर संसर्ग किंवा सूज. आठवड्या-महिन्यांत वाढत गेला तर गाठ, टीबी, जीवनसत्त्वाची कमतरता असं काही. वर्षानुवर्षं हळूहळू, तर कंपवात, स्मृतिभ्रंश यांसारखे झिजेचे आजार. हा काही पक्का नियम नाही, पण विचाराची सुरुवात इथून होते. तुम्ही "बरेच दिवस झाले" म्हणालात तर ही सुरुवातच होत नाही.

म्हणून वहीचं एक पान घ्या. तारखा आठवत नसतील तर सणांवरून लावा. आमच्या शेजारच्या आजींना काहीच आठवेना. मग त्यांची सून म्हणाली, "गड्ड्याच्या यात्रेला तुम्ही माझ्याबरोबर पायी आला होता की, तेव्हा कुठं काय होतं?" आजींनी विचार केला. गड्ड्याची यात्रा संक्रांतीची, तेव्हा ठीक होत्या, गुढीपाडव्याला पाटावरून उठताना हात टेकावा लागला, आषाढीला जिना चढवेना. बघा, सहा महिन्यांचा आलेख तयार झाला.

त्याच पानावर सगळ्यात मोठा त्रास पहिल्या ओळीत लिहा. मग तो कशाने वाढतो, कशाने कमी होतो, दिवसाच्या कुठल्या वेळी होतो. आधीचे आजार, ऑपरेशनं, घरात कुणाला असंच काही होतं का. कामधंदा जरूर लिहा. विड्या वळणाऱ्या बाईला रात्री झोपेतून उठून हात झटकावा लागतो, अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर होतात, असं कळलं की डॉक्टरांचं लक्ष थेट मनगटाकडे जातं. तिथे नस दबण्याचा आजार सतत एकाच प्रकारे हात चालवणाऱ्यांत बराच दिसतो. दारू, तंबाखू, मिसरी किती, हेही खरं लिहा. घरच्यांसमोर सांगायचं नसेल तर डॉक्टरांना "दोन मिनिटं एकट्याने बोलायचंय" म्हणा, ते समजून घेतात.

चालू गोळ्यांची नावं लिहिण्यापेक्षा त्यांच्या स्ट्रिप्सच पिशवीत टाका. आयुर्वेदिक पुड्या, काढे, मेडिकलवरून स्वतःहून आणलेल्या डोकेदुखीच्या गोळ्या, सगळं. जुन्या फायली तारखेप्रमाणे लावा. एमआरआयचा नुसता कागद नको, फिल्म आणि सीडी पण न्या. डॉक्टर चित्र स्वतः बघतात.

फिट, थरथर, चालताना अडकणं, झोपेत हातपाय झाडणं असा त्रास असेल तर मोबाइलवर व्हिडिओ काढा. फिट आलेल्या माणसासमोर मोबाइल धरणं मनाला पटत नाही, मला कळतं. पण एकाने सांभाळावं, दुसऱ्याने काढावा. चेहरा आणि चारही हातपाय दिसले पाहिजेत. चक्कर येऊन पडणं आणि फिट यांतला फरक त्या अर्ध्या मिनिटातून कळतो.

आणि बरोबर कोण जाणार, हे ठरवा. ज्याची गाडी आहे तो नको, ज्याने त्रास डोळ्यांनी बघितला तो हवा. फिट आलेल्याला स्वतःला काहीच आठवत नसतं. स्मृतिभ्रंशाच्या माणसाला तर आपल्याला काही झालंय हेच मान्य नसतं.

त्या दिवशी

उपाशी जाऊ नका. सकाळच्या गोळ्या नेहमीसारख्या घ्या, नको असं डॉक्टरांनी मुद्दाम सांगितलं असेल तरच थांबा. ढगळ कपडे घाला. गुडघ्यापर्यंत वर जाणारी पँट, कोपरावर जाणारी बाही. बायकांनी पोटऱ्या, पावलं तपासता येतील असं बघा.

वेळ लागणार हे धरून चला. आयसीयूत अर्धांगवायूचा रुग्ण आला की डॉक्टर ओपीडी सोडून जातात, आणि त्यांनी जायलाच हवं. डबा, पाण्याची बाटली, अर्धशिशीवाल्यांसाठी टोपी-गॉगल बरोबर ठेवा. आपल्याकडचं एप्रिल-मेचं ऊन, उपाशी पोट आणि गर्दीचा आवाज या तिन्हींनी वेटिंगमध्येच डोकं चढतं.

आत गेल्यावर

तपासणी तुम्ही खुर्चीत बसण्याआधीच सुरू झालेली असते. अप्पा दारातून आत आले तेव्हा डॉक्टर लिहायचं थांबून बघत होते. उजवा हात चालताना हलत नव्हता, पोटाजवळ धरल्यासारखा होता. आम्ही रोज बघत होतो आणि दिसलं नव्हतं.

मग ते म्हणाले, "अप्पा, अंगठा आणि हे बोट असं टकटक जुळवा, जेवढं मोठं जमेल तेवढं." डाव्या हाताची चिमूट नीट उघडमीट करत राहिली. उजव्याची पहिली चार-पाच मोठी झाली, मग लहान, मग अजून लहान, मग बोटं जागच्या जागी थबकली. सहीसारखंच. एक कागद देऊन गोल गोल चकली काढायला लावली. मनगट धरून हलवलं, तेव्हा ते दाते असलेल्या चाकासारखं अडकत अडकत फिरलं. एवढ्यावर निदान झालं. एमआरआय नंतर काढला तो दुसरं काही नाही ना, हे बघायला, आणि तो नॉर्मल आला. कंपवातात, अर्धशिशीत साधा एमआरआय बहुधा नॉर्मलच येतो. "रिपोर्ट नॉर्मल म्हणजे काही झालं नाही" असं म्हणून घरात रुग्णाला नाटकी ठरवू नका.

तुमच्या तक्रारीप्रमाणे थोडंफार बदलून हेच होतं. डोळ्यांत टॉर्च, "मान न हलवता माझ्या बोटाकडे बघा", जीभ बाहेर, गाल फुगवा, डोळे घट्ट मिटा. रबरी हातोडीने गुडघ्याखाली हलकासा ठोका, पाय आपोआप उडतो. तळपायावर बोथट टोकाने रेघ ओढतात, गुदगुल्या होतात. मोठ्या माणसाचा अंगठा त्या वेळी वर उचलला गेला तर बिघाड मेंदूत किंवा मज्जारज्जूत असल्याची ती खूण असते. पायाच्या अंगठ्यावर कंप पावणारा चिमटा ठेवून विचारतात, "कंप कळतोय का? थांबला की सांगा." बऱ्याच वर्षांचा मधुमेह असलेली माणसं तो चिमटा चालू असतानाच "थांबला" म्हणतात, कारण पायाच्या नसा मंद झालेल्या असतात. पाय जुळवून डोळे मिटून उभं राहा, एका रेषेत टाच-अंगठा लावत चाला. तोल गेला तर लाजू नका, डॉक्टर शेजारीच उभे असतात.

स्मरणशक्तीची तपासणी असेल तर कृपा करून मध्ये बोलू नका. डॉक्टर विचारतात, "आजी, आज वार कोणता?" आणि नातू पटकन म्हणतो, "गुरुवार." त्याने प्रश्नच वाया जातो. आपल्या शहरात आणखी एक गोष्ट आहे. घरात तेलुगू किंवा कन्नड बोलणाऱ्या आजीची परीक्षा मराठीत घेतली तर ती आहे त्यापेक्षा जास्त विसराळू ठरेल. सुरुवातीलाच सांगा, आजीची भाषा ही आहे, मी शब्दाला शब्द सांगतो. आणि मग खरंच शब्दाला शब्द सांगा, आपल्या मनाचं घालू नका.

तपासण्या

एमआरआयमध्ये किरणोत्सर्ग नसतो, मोठं चुंबक असतं. मंगळसूत्र, जोडवी, पैंजण, नथ, साडीची सेफ्टी पिन, केसांतल्या पिना, ताईत, करगोट्यातला मणी, कवळी, कानाचं यंत्र, सगळं काढायचं. जोडवी बोटात रुतलेली असतील तर घरीच साबण लावून काढा. पेसमेकर, मेंदूतली क्लिप, शरीरात कुठलीही पट्टी-स्क्रू असेल तर आधी सांगा. लेथ, ग्राइंडिंग, वेल्डिंगवर काम केलेल्यांनी डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता का, तेही सांगा. हे फार महत्त्वाचं आहे. बोगद्यात साधारण अर्धा-पाऊण तास न हलता पडावं लागतं. ठणठण, घरघर असा मोठा आवाज येतो. बंद जागेची भीती वाटत असेल तर सांगा, सौम्य औषध देता येतं. अप्पा बाहेर आले ते हसतच. "ह्येला आवाज म्हणतेत व्हय? आमच्या लूमच्या खात्यात ये म्हणावं."

ईईजी म्हणजे मेंदूतल्या विजेची नोंद. शॉक नसतो, दुखत नाही. आदल्या दिवशी शाम्पूने डोकं धुवा आणि तेल लावू नका. चपचपीत तेल लावून आलेल्यांना परत पाठवतात. डोक्यावर तारा चिकटवतात, थोडा वेळ जोरजोरात श्वास घ्यायला लावतात, डोळ्यांपुढे दिवा लुकलुकवतात. कधी रात्री कमी झोपून यायला सांगतात, तेव्हा गाडी स्वतः चालवत येऊ नका. ईईजी नॉर्मल आला तरी फिटचा आजार असू शकतो.

एनसीव्ही आणि ईएमजी या नसांच्या आणि स्नायूंच्या तपासण्या. त्यांत नसांना छोटे करंट देतात, काही वेळा स्नायूत बारीक सुई घालतात. टोचतं, पण सोसवतं. हातापायांना क्रीम-तेल लावू नका. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल तर सांगा.

पाठीतलं पाणी काढायचं म्हटलं की घर हादरतं. "पाठीत सुई घातली की पाय जातात" ही भीती मी दरवेळी ऐकतो. मज्जारज्जू कमरेच्या वरच्या भागातच संपते. सुई त्याच्या खाली घालतात, जिथे फक्त पाण्यात तरंगणाऱ्या नसा असतात. मेंदूज्वर, मेंदूचा टीबी, जीबीएस यांत त्या पाण्याने निदान होतं. नंतर काहींचं एक-दोन दिवस उठल्यावर डोकं दुखतं, पडून राहिलं की कमी होतं. नकोच म्हणून सही न करता रुग्णाला घरी नेलेली माणसं मी बघितलीत. मेंदूज्वरात असे वाया गेलेले दिवस भरून येत नाहीत.

निदान झाल्यावर

उठण्याआधी चार गोष्टी विचारून कागदावर लिहून घ्या. आजाराचं नाव काय, गोळी किती दिवस, कुठला त्रास झाला तर गोळी थांबवून फोन करायचा, आणि पुढची तारीख. नवी गोळी सुरू केल्यावर अंगावर पुरळ आलं तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका, फिटच्या काही गोळ्यांत ते गंभीर होऊ शकतं.

फिटची गोळी स्वतःहून बंद करायची नाही. सहा महिने फिट आली नाही म्हणून बंद केली आणि लग्नाच्या मांडवात फिट आली, हे मी बघितलंय. साधारण दोन वर्षं फिटविना गेल्यावर डॉक्टर ती कमी करण्याचा विचार करतात, तेही हळूहळू. नवरात्राचे उपवास, वारीतलं जागरण, गड्ड्यातली रात्र, यांत झोप आणि गोळी दोन्ही चुकतात. गोळ्या दोन पिशव्यांत ठेवा, एक आपल्याकडे आणि एक सोबत्याकडे. लग्न ठरलेल्या किंवा मूल हवं असलेल्या मुलींनी आधी डॉक्टरांना भेटा. फिटच्या काही गोळ्या, विशेषतः व्हॅल्प्रोएट, पोटातल्या बाळाला अपाय करू शकतात आणि त्या वेळेत बदलता येतात. मात्र घाबरून आपणच बंद करू नका.

फिटवरून मुलींची लग्नं मोडतात, आजार लपवला जातो, मग गोळीही लपून घेतली जाते आणि चुकते. हिंदू विवाह कायद्यात लग्नाला अडथळा म्हणून असलेला अपस्माराचा, म्हणजे फिटच्या आजाराचा, उल्लेख १९९९ मध्येच काढून टाकलाय. भैय्या चौकातल्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांच्या स्मारकासमोरून आपण येता-जाता जातो. सोलापुरात १९१० साली जन्मलेला हा माणूस १९३८ मध्ये चीनला गेला आणि युद्धातल्या जखमींवर शस्त्रक्रिया करत राहिला. ९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी त्यांचा मृत्यू झाला तो अपस्माराच्या झटक्यांनी. फिट येणाऱ्या मुलाला शाळेतून काढायला निघालेल्या एका आईला मी हे सांगितलं होतं. मुलगा आता दहावीला आहे. गाडीचं मात्र कडक आहे. वाहन परवान्याच्या अर्जातच फिटबद्दल विचारलेलं असतं आणि ते खोटं लिहू नये. विहिरीवर, गच्चीच्या कडेला, चुलीपुढे एकट्याने नको.

अर्धशिशीवाल्यांनी डोकेदुखीच्या गोळ्या मोजा. महिन्यात दहा-पंधरा दिवसांहून जास्त गोळ्या पडत असतील तर त्या गोळ्यांमुळेच डोकं दुखायला लागतं.

पैसे आणि कागद

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे ठरावीक उपचार मिळतात. ते भरती झाल्यावर आणि योजनेतल्या रुग्णालयातच, ओपीडीच्या फीसाठी नाही. भरती होतानाच रेशन कार्ड आणि आधार घेऊन आरोग्यमित्राच्या, म्हणजे रुग्णालयात बसणाऱ्या योजनेच्या माणसाच्या, टेबलावर जा, डिस्चार्जच्या दिवशी विचारून उपयोग नसतो. कायमचं अपंगत्व राहिलं तर यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी, अर्ज करा. २०१६ च्या कायद्यात कंपवात आणि मल्टिपल स्क्लेरोसिसही दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांत आहेत, हे पुष्कळांना माहीत नसतं. अर्धांगवायूनंतरची फिजिओथेरपी परवडत नाही म्हणून सोडू नका. निदान दोन-चार वेळा जाऊन घरच्या एकाने व्यायाम नीट शिकून घ्यावेत.

दुसऱ्या भेटीला जाताना

पहिल्या भेटीतली गोळी बहुतेक वेळा अंदाजाने सुरू केलेली असते. ती बसवायची कशी, हे दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत ठरतं. त्यासाठी वही ठेवा. फिट असेल तर तारीख, वेळ, किती मिनिटं, आदल्या रात्री झोप झाली होती का. डोकेदुखी असेल तर दिवस आणि घेतलेल्या गोळ्या.

अप्पांची वही साधी शंभर पानी आहे. पहिल्या महिन्यातलं एक पान असं आहे: "स. ७ गोळी. ७.४० हात सुटला. १०.३० पाय जड. ११ गोळी. ११.४५ बरं. दु. १ जेवणानंतर गोळी, फरक नाही." डॉक्टरांनी ते पान दोनदा वाचलं. दुसरी गोळी अकराऐवजी दहाला आणली, आणि दुपारची जेवणानंतर न घेता जेवणाआधी अर्धा तास घ्यायला सांगितली, कारण डाळ-दुधासोबत ती नीट लागू पडत नाही. नवी चिठ्ठी लिहायला त्यांना एक मिनिट लागला. त्या आठवड्यापासून अप्पा संध्याकाळी पुन्हा कंबर तलावापर्यंत फिरायला जायला लागले.